नवा गडी तयार करताना: ‘एज ऑफ एम्पायर्स २’ शिकवणाऱ्यांसाठी

गाव वसवून, फौज काढून लढायच्या या कॉम्प्युटर गेमची चार विरुद्ध चारची मॅच ठरते आणि सातच जण जमतात, हे प्रत्येक ग्रुपचं दुखणं आहे. मग आठवा म्हणून कुणाच्या तरी चुलत भावाला, मेहुण्याला नाहीतर ऑफिसातल्या पोराला ओढून आणतात. ‘सोपं आहे रे, ये तू, खेळता खेळता कळतंय.’ तो येतो. पंधराव्या मिनिटाला त्याच्या गावात घोडेस्वारांची टोळी शिरते, हेडफोनमधून चौघं एकदम ओरडायला लागतात, आणि तो ‘जेवून येतो’ म्हणून जातो तो जातोच.

आमचा ग्रुप कोल्हापूरचा. कोण शिवाजी पेठेतला, कोण कदमवाडीतला, एकजण इचलकरंजीहून जोडला जातो, एक गडहिंग्लजहून. आता खेळणाऱ्यांतले बरेचजण माझ्यासमोर पहिल्यांदा माऊस धरून बसलेले आहेत. त्यातून जी पद्धत ठरत गेली ती इथं देतोय. हा लेख गेम शिकणाऱ्यापेक्षा शिकवणाऱ्यासाठी जास्त आहे, पण शिकणाऱ्यानं वाचला तरी बिघडत नाही. उलट आपल्याला शिकवणारा कुठं चुकतोय ते त्याला कळेल.

माझं म्हणणं एका ओळीत सांगतो: नवख्याला लढायला शिकवू नका, टाउन सेंटर चालू ठेवायला शिकवा. (टाउन सेंटर म्हणजे गावातली मुख्य इमारत, नवी माणसं तिथंच तयार होतात. तिला इथून पुढं टीसी म्हणतो, सगळे तेच म्हणतात.) पहिल्या दोन-तीन संध्याकाळी याशिवाय दुसरं काही शिकवायचं नाही. हे ऐकायला कंटाळवाणं वाटतं, आणि शिकवणारा नेमका इथंच घसरतो, कारण त्याला स्वतःला घोडे पळवायची घाई असते.

मूळ गेम १९९९ चा, पण आता सगळे २०१९ ची डेफिनेटिव्ह एडिशन खेळतात. खालचं सगळं त्याबद्दल आहे.

लागणारं सामान

- कॉम्प्युटर: विंडोज १० (६४ बिट) आणि ४ जीबी रॅमवर गेम सुरू होतो, पण आठ खेळाडूंच्या मॅचला ८ जीबी असलेली बरी. या गेममध्ये एकाचं मशीन रखडलं की आठही जणांचा खेळ रखडतो. म्हणून जुना लॅपटॉप आधी तपासा, मॅचमध्ये बसल्यावर नव्हे.
- गेमची खरी कॉपी: स्टीमवरून घ्या किंवा मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरून, दोन्हीकडचे एकमेकांशी खेळू शकतात. पेन ड्राइव्हवर ‘मित्रानं दिलेला’ गेम ऑनलाइन चालत नाही, त्यात संध्याकाळ घालवू नका. सेल लागेपर्यंत थांबायला सांगा. फक्त मूळ गेम घ्यायचा. समोरचा विकतच्या एक्स्पान्शनमधली सिव्हिलायझेशन (खेळायला निवडायचे लोक, जसे फ्रँक्स, ब्रिटन्स) घेऊन आला, तरी मूळ गेमवाला त्याच्याशी खेळू शकतो.
- एन्हान्स्ड ग्राफिक्स पॅक नको. फुकट दिसतो म्हणून नवा माणूस टिक करतो आणि डाउनलोड रात्रभर चालतं.
- वायरचा साधा माऊस. टचपॅडवर हा गेम शिकवणं म्हणजे दोघांचाही छळ.
- माइक असलेला हेडफोन, डिस्कॉर्ड. स्क्रीन शेअर करता आली पाहिजे, नाहीतर तुम्ही आंधळेपणानं शिकवताय.
- नेट: वेग फार लागत नाही, स्थिर असणं महत्त्वाचं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही खेळता येतं, पण घरातल्यांनी त्याच फोनवर व्हिडिओ लावला नाही तर.
- एक कोरा कागद आणि पेन. कशाला ते पुढं येईल.
- दोन-अडीच तास. ‘अर्ध्या तासात दाखवतो’ असं काही नसतं. आणि शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार फुटबॉल मॅच असेल त्या दिवशी शिकवणी ठेवू नका. विद्यार्थी येणार नाही, आला तरी लक्ष नसणार.

१. आधी विचारा, मग गेम उघडा

त्याला यात काय आवडेल, हे पाच मिनिटं बोलून काढून घ्या. कुणाला गाव वसवायला आवडतं, कुणाला किल्ला बांधायचा असतो, कुणाला फक्त हाणामारी. किल्ल्यावाल्याला सांगा की किल्ल्याला ६५० दगड लागतात आणि त्यासाठी कॅसल एजपर्यंत (गेममधल्या चार टप्प्यांतला तिसरा) जावं लागतं. हाणामारीवाल्याला सांगा की एका नाइटला (जड घोडेस्वार) ६० फूड आणि ७५ गोल्ड लागतं, ते आणणारी माणसं आधी पाहिजेत. म्हणजे दोघांनाही फिरवून तुम्ही टीसीवरच आणताय, पण त्याच्या आवडीच्या रस्त्यानं.

कोल्हापुरात एक प्रश्न ठरलेला आहे: ‘यात मराठे आहेत का?’ नाहीत. गेमचा काळ साधारण मध्ययुगाचा. २०२२ मध्ये भारतीय सिव्हिलायझेशनची नव्यानं मांडणी झाली, त्यात हिंदुस्तानी, गुर्जर, द्रविड आणि बंगाली अशा चार आहेत, त्यातल्या शेवटच्या तीन वेगळ्या विकत घ्याव्या लागतात. हे सांगितल्यावर समोरचा चेहरा पाडतो. त्यावर लांबलचक इतिहास सांगत बसू नका, एवढं बोला आणि पुढं चला.

पहिली सिव्हिलायझेशन फ्रँक्स द्या. शेतीच्या सुधारणा त्यांना फुकट मिळतात आणि घोडेस्वारांचा जीव वीस टक्के जास्त असतो, म्हणजे दोन गोष्टी आपोआप सांभाळल्या जातात. ज्याला लांबून मारायला आवडतं त्याला ब्रिटन्स, मेंढरांवरचं काम त्यांचं भराभर होतं आणि तिरंदाजांचा पल्ला लांब असतो. गुर्जर पहिल्या महिन्यात नकोत, त्यांचं मेंढरं गिरणीत कोंडायचं गणित नवख्याला कळत नाही. चिनी तर नकोच. तीन माणसं जास्त मिळतात पण सुरुवातीला फूड नसतं, त्यामुळं पहिल्या मिनिटातच टीसी बंद पडतो.

हूणांबद्दल आमच्यात वाद आहे. त्यांना घरं बांधावी लागत नाहीत, म्हणून काहीजण म्हणतात नवख्याला तेच द्या, एक ताप कमी. मला पटत नाही. घर वेळेवर बांधायची सवयच लागत नाही आणि पुढं दुसरं काही घेतलं की पोरगं दर दोन मिनिटांनी अडतं.

२. सेटिंग तुम्ही करून द्या

पहिल्या दिवशी त्याला ऑप्शनच्या जंगलात सोडू नका. स्क्रीन शेअर करायला लावून तुम्ही सांगा, तो करेल.

कीबोर्डवरची फक्त तीन बटणं शिकवा. ‘एच’ दाबलं की टीसी निवडला जातो. मग ‘क्यू’ दाबलं की व्हिलेजर (काम करणारा गावकरी) तयार व्हायला लागतो. टिंबाचं बटण दाबलं की रिकामा बसलेला व्हिलेजर सापडतो. त्याच्या गेममध्ये बटणं बदललेली असतील तर हॉटकी मेनूत जाऊन ही तीन तेवढी पक्की करून घ्या. बाकी तिरंदाजशाळेचं बटण कुठलं, लोहाराचं कुठलं, ते माऊसनं करू दे. बटणांची छापील यादी पाठवणारे शिक्षक मला माहीत आहेत, त्या यादीकडं कुणी दुसऱ्यांदा बघत नाही.

स्काउटला ऑटो-स्काउट लावून द्या, म्हणजे घोडा आपला आपण नकाशा उघडत फिरतो. शेतं आपोआप परत पेरली जातील ती सोयही चालू करा. जुने खेळाडू नाक मुरडतात, ‘आमच्या वेळी हातानं करावं लागायचं’. लागायचं, पण आता लागत नाही.

गेमचा वेग बघा. ‘नॉर्मल’ म्हणजे खऱ्या घड्याळाच्या १.७ पट. पहिल्या दिवशी ‘स्लो’ ठेवा, तो बरोबर १ पट आहे. दुसऱ्या दिवशी ‘कॅज्युअल’, १.५. मग नॉर्मल. एवढ्या एका गोष्टीनं निम्मी घाबरगुंडी कमी होते आणि कुणाच्या डोक्यात हे का येत नाही, मला कळत नाही.

३. पहिली संध्याकाळ: लढाई नाही, फक्त टीसी

अरेना नावाचा नकाशा घ्या. प्रत्येकाच्या गावाभोवती दगडी तट आधीच बांधलेला असतो, त्यामुळं लवकर कुणी आत येत नाही. समोर कॉम्प्युटर, सगळ्यात सोप्या पातळीचा. काम एकच: गेमच्या घड्याळात दहा मिनिटं होईपर्यंत टीसी थांबू द्यायचा नाही.

आता हिशेब. एक व्हिलेजर तयार व्हायला २५ सेकंद लागतात आणि ५० फूड. दहा मिनिटं म्हणजे ६०० सेकंद, म्हणजे टीसी एकदाही थांबला नाही तर २४ व्हिलेजर. सुरुवातीचे तीन धरून २७. हा आकडा कागदावर वर लिहून ठेवा. दहाव्या मिनिटाला त्याचे किती झाले ते खाली लिहा. पहिल्यांदा बारा-तेरा निघतात, त्यात लाज काही नाही. वीस झाले की समजायचं गडी तयार व्हायला लागला.

हा हिशेब त्याच्यासमोर मांडायचाच. टीसी एकूण दोन मिनिटं रिकामा राहिला म्हणजे जवळजवळ पाच माणसं कमी, आणि ती पाच माणसं पुढची सगळी मॅच लाकूड तोडणार होती, हे त्याला आकड्यात दिसलं की वेगळं सांगावं लागत नाही. ‘लक्ष दे’ म्हणून दहादा ओरडलात तरी तेवढं पोचत नाही.

टीसी का थांबतो? दोनच कारणं: फूड संपलं किंवा घर कमी पडलं.

*घराचं आधी.* सुरुवातीला तीन व्हिलेजर आणि एक स्काउट असे चारजण असतात आणि टीसीत जागा पाचजणांची. म्हणजे एक माणूस झाला की दार बंद. म्हणून गेम सुरू होताच पहिलं काम ‘एच’, ‘क्यू’ आणि दुसरं काम दोघांना घर बांधायला लावणं. घराला २५ लाकूड, त्यात पाचजण मावतात. नियम असा सांगा: वरच्या कोपऱ्यातल्या दोन आकड्यांत दोनचा फरक राहिला की घर टाकायचं. ‘घर पाहिजे असं वाटलं की टाक’ असं सांगू नका, नवख्याला ते वाटतच नाही.

*मग फूड.* सुरुवातीचं २०० फूड म्हणजे चार व्हिलेजर, म्हणजे शंभर सेकंद. तेवढ्यात मेंढरांवर माणसं लागलेली पाहिजेत. साधारण आठ मेंढरं मिळतात, प्रत्येकात १०० फूड. इथला हमखास घोळ म्हणजे नवा माणूस सगळी मेंढरं एकदम मारतो. मेलेल्या जनावरातलं फूड हळूहळू सडत कमी होतं. एकावेळी एकच मारायचं, आणि तेही टीसीच्या अगदी पायाशी आणून, म्हणजे माणसांची चाल वाचते. मेंढरं लांब कुठंतरी कापून तिथून टीसीपर्यंत येरझाऱ्या घालणारी माणसं दिसली की समजायचं हे राहिलं सांगायचं.

पहिले सहाजण मेंढरांवर, पुढचे चौघं लाकडावर (झाडाला चिकटून लंबर कॅम्प, १०० लाकूड), त्यापुढचे बोरांच्या झुडपांवर (गिरणी, १०० लाकूड). हा क्रम कागदावर तीन ओळीत लिहून द्या. यापुढचा क्रम या दिवशी नको.

*रानडुक्कर.* हा या गेममधला नवख्यांचा कर्दनकाळ आहे. एका डुकरात ३४० फूड असतं, म्हणून ते सोडता येत नाही, पण ते उलटून येतं. एका व्हिलेजरनं बाण मारायचा, लगेच टीसीकडं पळत सुटायचं, डुक्कर मागं लागतं, आणि टीसीपाशी आलं की मेंढरांवरच्या सगळ्यांनी मिळून ते पाडायचं. सांगायला दोन ओळी, करायला चार संध्याकाळी. व्हिलेजरचा जीव २५ असतो, ‘लूम’ (टीसीत घ्यायची सुधारणा) घेतलं की ४० होतो, त्याला ५० गोल्ड लागतं. सुरुवातीला लूम घेऊनच डुकराकडं पाठवा. तेवढे २५ सेकंद टीसी माणूस काढत नाही, पण मेलेल्या माणसापेक्षा ते स्वस्त.

माझ्या भाचीला डुक्कर शिकवताना तिचा एकच धोशा होता, ‘मामा, त्याला कशाला डिवचायचं? गप चरतंय की ते.’ मुद्दा बरोबर होता. मग पहिल्या आठवड्यात डुक्कर सोडूनच दिलं, बोरं आणि शेतीवर भागवलं. तिचा टीसी कधी थांबला नाही आणि दहाव्या मिनिटाला डुक्कर मारणाऱ्या तिच्या भावापेक्षा तिची माणसं जास्त होती. तेव्हापासून मी डुक्कर सक्तीचं केलेलं नाही.

एकाच संध्याकाळी हा दहा मिनिटांचा डाव तीनदा-चारदा खेळायचा. दहा मिनिटं झाली की थांबवा, आकडा लिहा, परत सुरू. चौथ्या वेळी तो म्हणेल ‘आता पुढं जाऊ की’. तेव्हा उठायचं. भूक ठेवून उठलेला माणूस दुसऱ्या दिवशी स्वतःहून फोन करतो.

४. तोंड आवरा

या पायरीवर सगळ्यात जास्त ग्रुप फसतात, म्हणून जरा थांबतो.

शिकवणाऱ्याला सगळं एकदम दिसत असतं. तिकडं लाकूडतोडे रिकामे, इकडं घर नाही, पलीकडं शत्रूचा स्काउट आला. ते सगळं तो एका दमात बोलतो. ऐकणाऱ्याच्या हातून मग काहीच होत नाही, कारण सहा गोष्टींतली आधी कुठली हे त्याला ठरवता येत नसतं. तालमीतला वस्ताद बघा. हौदाच्या कडेला बसून असतो, मधूनच एक शब्द टाकतो, ‘पट’, नाहीतर ‘मान सोड’, आणि गप्प होतो. पोराच्या जागी स्वतः उतरून कुस्ती मारत नाही. आपल्याला नेमकं तेच करायचंय.

म्हणून काही बंधनं घालून घ्या:

एका मिनिटात एकच सूचना. ती चुकीच्या वेळी सुचली तर गिळायची.

सूचना शक्यतो प्रश्नात करा आणि प्रश्न एकच ठेवा: ‘टीसी काय करतोय?’ पहिल्या संध्याकाळी हाच विचारा. दुसऱ्या संध्याकाळी तो स्वतःच्या तोंडानं म्हणायला लागतो. आमच्यातला एकजण अजून मॅचमध्ये पुटपुटतो, माइक चालू ठेवून.

शेजारी बसला असाल तर माऊसला हात लावायचा नाही. ‘आण इकडं, दाखवतो’ म्हटलं की शिकवणी संपली. दाखवायचंच असेल तर वेगळ्या डावात तुमच्या स्क्रीनवर दाखवा.

डिस्कॉर्डवर शिकवणारा सोडून बाकी सगळे म्यूट. यावर भांडणं होतात, कारण कोल्हापुरात गप्प बसून दुसऱ्याचा खेळ बघायची पद्धत नाही. तरीही म्यूट. प्रेमानं बोललेलं ‘भावा, काय करायलास तू!’ सुद्धा चौघांनी एकदम म्हटलं तर नव्या माणसाला शिवीच वाटते.

आणि शब्द. ‘पुश’, ‘बूम’, ‘ड्रश’, ‘फास्ट कॅसल’ हे आपल्या तोंडात बसलेलं असतं. त्याच्यासमोर ‘आता माणसं वाढव’, ‘आता लवकर पुढच्या एजला जा’ असं सरळ बोला. शब्द तो आपोआप उचलतो, महिन्याभरात तुमच्यापेक्षा जास्त वापरायला लागतो.

५. पुढच्या संध्याकाळी: फ्युडल, कॅसल आणि एक ठरलेला बेत

आकडा वीसच्या आसपास यायला लागला की एज वाढवायला घ्या. फ्युडलला (दुसरी एज) ५०० फूड आणि डार्क एजमधल्या, म्हणजे सुरुवातीच्या एजमधल्या, दोन इमारती. घर यात धरत नाहीत, इथं बरेचजण अडतात आणि ‘बटण दाबलं जात नाही, गेम बिघडला’ म्हणतात. गिरणी आणि लंबर कॅम्प झालेले असले की पुरे.

फ्युडलचं बटण दाबल्यावर १३० सेकंद टीसी माणूस काढू शकत नाही. तोपर्यंत ज्याला ‘टीसी थांबू नये’ हे अंगात भिनलंय तो अस्वस्थ होतो. चांगली खूण आहे ती. त्या वेळात करायचं काम सांगा: मेंढरांवरची माणसं लाकडाकडं वळव, कारण पुढं शेतं लागणार, एका शेताला ६० लाकूड. नवे खेळाडू या सव्वादोन मिनिटांत हात बांधून बसतात आणि एज आल्यावर कळतं की शेताला लाकूडच नाही.

फ्युडलमध्ये पोचल्यावर टीसी परत चालू करायला नवा माणूस हमखास विसरतो. कागदावर मोठ्या अक्षरात लिहा: एज आली, एच, क्यू.

मग कॅसल: ८०० फूड, २०० गोल्ड, आणि फ्युडलमधल्या दोन इमारती. फ्रँक्ससाठी तबेला आणि लोहार धरा (तबेल्याआधी बराक्स लागते, ते विसरू नका). कॅसलमध्ये पोचलं की दुसरा तबेला, एक जास्तीचा टीसी, आणि दोन्ही तबेल्यांतून नाइट. बस, हाच एक बेत. लवकर हल्ला करायचा दुसरा बेत, भिंतीचा तिसरा, असं काही मांडू नका. एकच बेत वीसदा खेळलेला माणूस, वीस बेत एकदा बघितलेल्याला सहज हरवतो.

कशावर काय चालतं याचे दोनच धडे: घोड्यावर भालेवाला, तिरंदाजावर स्कर्मिशर (हलका भाला फेकणारा). भालेवाल्याला ३५ फूड आणि २५ लाकूड, स्कर्मिशरला २५ फूड आणि ३५ लाकूड. दोघांनाही गोल्ड लागत नाही, म्हणून अडचणीतला माणूस ते कधीही काढू शकतो. हे कळलं की घोडे बघून पळ काढायची सवय जाते.

समोरचा कॉम्प्युटर हळूहळू वरच्या पातळीचा घ्या. ‘मॉडरेट’ला आरामात हरवायला लागला की माणसांत आणायला हरकत नाही. त्याला एकट्यानं सराव करायचा असेल तर गेममध्येच ‘आर्ट ऑफ वॉर’ नावाचे छोटे धडे आहेत, त्यातला सुरुवातीच्या अर्थव्यवस्थेचा धडा पुन्हा पुन्हा करायला सांगा, शेवटी पदक मिळतं. गोष्टीच्या अंगानं शिकायला आवडणाऱ्याला विल्यम वॉलेसची शिकाऊ मोहीम. आमच्या घरच्या बारक्या पोरांना ती जास्त आवडते.

६. तुमच्याशी एक-एक डाव

यात तुम्ही मुद्दाम हरायचं नाही. त्याला ते कळतं, आणि कळलं की राग येतो. त्याऐवजी स्वतःवर उघड बंधन घ्या आणि डावाआधी सांगा: मी फ्युडलच्या पुढं जाणार नाही. किंवा मी फक्त भालेवाले काढणार. किंवा वीस मिनिटं मी हल्ला करणार नाही, त्यानंतर आलोच समज. तिसरं बंधन सगळ्यात कामाचं, कारण त्याला वेळेची तलवार दिसते आणि तरी तयारीला जागा मिळते. जिंकला की बंधन एकानं सैल करा.

हरल्यावर लगेच चुका सांगायच्या नाहीत. पाणी पिऊन या.

७. पहिली टीम मॅच

चार विरुद्ध चारमध्ये दोघं कडेला असतात, दोघं मधे. कडेवाल्यांवर हल्ला आधी येतो. नव्या माणसाला मधे ठेवा, म्हणजे त्याला कॅसलपर्यंत पोचायला वेळ मिळतो आणि त्याचा पाठ केलेला नाइटचा बेत जसाच्या तसा लागू पडतो. खोली बनवताना रंग आणि जागा आधीच ठरवून घ्या, नाहीतर गेम त्याला नेमका कडेला टाकतो.

त्याचं काम आधी एका वाक्यात सांगा: ‘वीस मिनिटांच्या आत दहा नाइट, मग मी सांगेन तिथं पाठव.’ नकाशावर सिग्नल कसा द्यायचा तेवढं दाखवून ठेवा, मॅचमध्ये ‘डावीकडं रे, डावीकडं’ याला काही अर्थ नसतो.

मार्केट बांधलं की मित्राला सामान पाठवता येतं, त्यातून काही भाग कापला जातो. नवख्याची दया येऊन जुने खेळाडू त्याला भराभर गोल्ड पाठवतात. नका पाठवू. त्याला गोल्ड कमी का पडलं, हे त्याला कळायच्या आत तुम्ही भोक बुजवून टाकता. उलट त्याच्याकडं साठून राहिलेलं लाकूड तुम्ही मागा. आपलं लाकूड कुणाला तरी उपयोगी पडलं, यानं गडी एकदम खुलतो.

चॅटमधले आकडे मात्र पहिल्याच मॅचला सांगा. ३ लिहिलं की फूड मागतो, ४ लाकूड, ५ गोल्ड, ६ दगड, आणि ११ लिहिलं की तो प्रसिद्ध हसण्याचा आवाज. याचा खेळाशी संबंध थोडा, पण ११ कळलं की माणूस ग्रुपातला झाला. मॅच हरत असतानाही तो ११ पाठवायला लागतो, तेव्हा नाद लागला समजायचं.

त्याचं गाव पडलं तर ‘रिझाइन कर’ म्हणू नका. उरलेली चार माणसं घेऊन मित्राच्या गावामागं नवा टीसी टाकायला लावा. कॅसल एजमध्ये असेल तर २७५ लाकूड आणि १०० दगड, मित्र पाठवू शकतात. इथं मात्र पाठवा.

८. रेकॉर्डिंग

गेम प्रत्येक मॅचचं रेकॉर्डिंग ठेवतो. दुसऱ्या दिवशी ते लावा, पण पूर्ण नाही. पहिली दहा मिनिटं, वेग वाढवून. कागद पुढ्यात ठेवून टीसी कधी कधी थांबला, तेवढ्याच वेळा तो स्वतः टिपून घेईल. लढाई कशी हरलो हे बघत बसू नका. ती लढाई बहुतेक वेळा सातव्या मिनिटालाच हरलेली असते.

९. रँक्डला कधी सोडायचं

घाई नको. रँक्डमध्ये (अनोळखी लोकांशी गुणांसाठी खेळायच्या मॅच) सगळ्यांची सुरुवात १००० एलोपासून (खेळाडूची ताकद सांगणारा आकडा) होते आणि तिथले लोक नवख्याला भारी असतात. सुरुवातीच्या बऱ्याच मॅच हरून आकडा खाली येतो, मग कुठं बरोबरीचे भेटतात. हे त्याला आधीच सांगितलेलं असेल तर तो टिकतो. नसेल सांगितलं तर तिसऱ्या हारीला गेम डिलीट. अरेनावर सराव झालाय आणि रँक्डमध्ये बहुतेक वेळा अरेबिया हा उघडा नकाशा येतो, तेव्हा आधी अरेबियावर लाकडी तटबंदीचा एक दिवस काढा.

१०. पावसाळ्यातलं एक

जून ते सप्टेंबर लाइटचा भरवसा नाही, आणि मॅच चालू असताना एकाचा राउटर बंद पडला की त्याला त्याच मॅचमध्ये परत घुसता येत नाही. म्हणून राउटरला छोटा यूपीएस जोडायला सांगा, लॅपटॉपवाल्याचं तेवढ्यानं भागतं. लांबलेल्या मॅचमध्ये ढग भरून आले की होस्टनं मधेच सेव्ह करून ठेवावं. लाइट आली की तेच सगळे खेळाडू लॉबीत जमवून सेव्ह केलेली मॅच तिथून पुढं सुरू करता येते. नव्या माणसाला मात्र फोन करून सांगा की मॅच संपलेली नाही, नाहीतर तो आपणच काहीतरी बिघडवलं समजून झोपून जातो.